पिठाचे दाणे होत नाहीत

दिवसभराची कामं उरकली असतील तर बसा. कॉम्प्युटर चालू असू दे, पण हात माउसवरून काढून मांडीवर ठेवा. पडद्यावर एक छोटी चौकट उघडी आहे. रूपांतर पूर्ण झालं, असं ती सांगते. रॉ फाइलींच्या डीएनजी झाल्या, जेपेगही निघाले. आता मूळ फाइलींचं काय करायचं? डिस्क गळ्यापर्यंत भरली आहे, जागा संपत आल्याची लाल पट्टी दिसते आहे. एक बटण दाबलं की दोनशे जीबी मोकळे होतील.

लगेच दाबू नका. “राहू दे, असू दे” म्हणत चौकट बंदही करू नका. तेही न विचार करता दाबलेलं बटणच. आज या प्रश्नापाशी नुसतं बसायचं आहे.

डिस्कवर तळवा ठेवा. जुन्या धाटणीची, तबकडीची डिस्क असेल तर बारीक थरथर लागेल, थोडी ऊब लागेल. तिच्या आत तुमची किती वर्षं आहेत? आकडा काढू नका. ऊब जाणवली, एवढं पुरे.

*

आता अख्खी डिस्क डोळ्यांसमोर आणू नका. चाळीस हजार फोटोंचं मनन होत नाही, नुसतं दडपण येतं. त्यातला एक फोटो घ्या. चांगला आलेलाच हवा असं नाही. डोळे मिटल्यावर जो आपणहून पुढे येतो, तो.

मी माझा सांगतो. मी सांगत जाईन तसतसा त्याच्या जागी तुमचा ठेवत चला.

साल २००९. साताऱ्याकडचं आजोळ. आजी सोप्यात दाराशी बसली आहे, एक पाय दुमडलेला, एक पसरलेला. हातात सूप. ज्वारी पाखडते आहे. सूप वर गेलंय, दाणे हवेत आहेत आणि कोंड्याची एक पुसट रेघ उन्हाकडे निघाली आहे. आजीच्या एका अंगाला अंगण, दुसऱ्या अंगाला माजघराचं दार. अंगणात उन्हाचा रखरखाट, माजघरात दिवसाढवळ्या अंधार. मधे ती.

कॅमेरा नवा होता आणि मीही नवखा. कुणीतरी सांगितलं होतं, “रॉमध्ये काढ”, म्हणून रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवले होते, कारण माहीत नव्हतं. घरी येऊन जेपेग बघितला तर अंगण पांढरंफटक, आजी सावळी आणि माजघर काळंकुट्ट. तोच छापला, चौकटीत घातला आणि पुढच्या खेपेला घेऊन गेलो. आजीने फोटो लांब धरून पाहिला. “एवढी का रे काळी काढलीस मला?” म्हणाली, आणि देवघराशेजारच्या खिळ्याला लावून टाकला.

तुमचा फोटो आला का समोर? त्यात उजेड कुठून येतोय, ते बघा. सगळ्यात काळोखी जागा कोणती, तेही बघून ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

*

तो फोटो म्हणजे नेमकं काय, ते आता सावकाश पाहू.

कॅमेऱ्याच्या पोटात टपाल तिकिटाएवढा सेन्सर असतो. त्यावर कोटभर बारीक खाचा, आणि प्रत्येक खाच आपल्यावर पडलेला उजेड मोजते. किती पडला, एवढंच तिला कळतं. रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक खाचेवर रंगाची एक गाळणी बसवलेली असते, लाल, हिरवी नाहीतर निळी. बहुतेक कॅमेऱ्यांत या गाळण्यांची जी मांडणी असते, ती कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. १९७६ मध्ये तिचं पेटंट निघालं. चार खाचांचा चौकोन धरला तर त्यात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. माणसाच्या डोळ्याला बारकावा हिरव्यात जास्त कळतो म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा.

याचा अर्थ मनात मुरू द्या. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यापाशी तीन रंगांपैकी एकच खरोखर मोजलेला आहे. उरलेले दोन आजूबाजूच्या खाचांवरून अदमासाने भरायचे. ज्याला आपण “अगदी जसाच्या तसा रंग” म्हणतो, त्यातला दोनतृतीयांश अदमास असतो. आजीच्या लुगड्याचा तो गर्द हिरवा, त्याचे लाल काठ, कोंड्याचा पिवळसरपणा, सगळ्यात तो अदमास मिसळलेला.

रॉ फाइलमध्ये हा अदमास अजून बांधलेला नसतो. तिथे फक्त मोजणी असते, ओळीने लावलेले आकडे. त्या अर्थी रॉ हा अजून फोटोच नाही. फोल्डरमध्ये रॉ फाइलीचं जे छोटं चित्र दिसतं, ते कॅमेऱ्याने तिच्या पोटात भरून दिलेलं एक जेपेग असतं. म्हणजे आपण मूळ म्हणून ज्याच्याकडे बघतो, तेही बऱ्याचदा मुळावर टाकलेलं पांघरूणच.

क्षणभर थांबा. तुमच्या त्या फोटोत मोजलेलं किती आणि भरलेलं किती? आणि त्या दिवसाच्या तुमच्या आठवणीत?

*

आणखी थोडं खोल जाऊ.

माझा तेव्हाचा कॅमेरा १२ बिटांचा होता. म्हणजे मिट्ट काळ्यापासून भगभगीत पांढऱ्यापर्यंत ४०९६ पायऱ्या. आता १४ बिटांचे कॅमेरे सर्रास मिळतात, त्यांच्या पायऱ्या १६,३८४. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६.

पण या पायऱ्यांची वाटणी सारखी नसते. सेन्सर उजेड सरळ हिशेबाने मोजतो. उजेड दुप्पट, तर आकडा दुप्पट. त्यामुळे सगळ्यात वरच्या स्टॉपला, म्हणजे उजेडाच्या शेवटच्या दुपटीला, निम्म्या, म्हणजे २०४८ पायऱ्या मिळतात. त्याखालच्या स्टॉपला १०२४, त्याखाली ५१२. असं उतरत उतरत माजघराच्या अंधारापाशी पोचेपर्यंत एकेका स्टॉपच्या वाट्याला जेमतेम दहा-वीस पायऱ्या उरतात. श्रीमंताघरी पंगत उठते आणि गरिबाच्या ताटात शितं, तशी गत. पण शितं असतात. ताट अगदीच रिकामं नसतं.

कॅमेरा जेपेग करतो तेव्हा आधी रंग भरतो, उजेडाचा चढउतार आपल्या पसंतीने ठरवतो. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातलं, डोळ्याला उणीव भासणार नाही असं बरंच काही सोडून देतो. १९९२ पासून ही पद्धत चालू आहे आणि तिच्या जोरावर जगभर फोटो फिरत आहेत. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. जेपेग म्हणजे पीठ. परातीत घेतलं की भाकरी. कुणाच्याही घरी पाठवा, चालतं. लग्नाच्या अल्बमला, पेपरला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला पीठच लागतं.

फक्त पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. माजघराच्या त्या दहा-वीस पायऱ्यांवर दळताना एकच काळा फिरला की तो फिरला.

*

मग डीएनजी काय? पीठ की दाणे?

प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. कॅननची सीआर २, पुढे सीआर ३. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. जितकी घराणी तितक्या गोण्या, आणि प्रत्येक गोणीची शिवण निराळी. यांना एकच उघड लेखी रचना असावी म्हणून अडोबी कंपनीने २००४ च्या सप्टेंबरात डीएनजी आणलं. रचना कशी आहे ते कुणालाही वाचता येतं. लायका, पेंटॅक्स यांचे कित्येक कॅमेरे तर थेट डीएनजीच लिहितात, त्यांच्या मालकांना आजचा हा प्रश्न पडतच नाही.

साध्या पद्धतीने, काहीही न गाळता केलेलं डीएनजी म्हणजे दाणेच. मोजणी तीच राहते, एका गोणीतून दुसऱ्या गोणीत ओतलेली. वर एक सोय अशी, की आत आकड्यांच्या रांगेवरून काढलेली एक खूण ठेवलेली असते. पुढे कधी एखादा दाणा किडला तर त्या खुणेशी ताडून कळतं. बऱ्याच कंपन्यांच्या रॉमध्ये अशी ताडून पाहायची सोय सहजी हाताशी नसते.

मग जुन्या गोणीत उरतं काय? गोणीला शिवलेली चिठ्ठी उरते. कॅमेऱ्याने आपल्या खाजगी लिपीत केलेल्या नोंदी, फोकस कुठे धरला होता, कंपनीची खास रंगसंगती कोणती लावली होती, असं सगळं. रूपांतरात ही चिठ्ठी बहुधा जशीच्या तशी आत टाकली जाते, पण ती वाचणारा त्या कंपनीचा कारकूनच असतो, आणि कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरं सहसा डीएनजी उघडत नाहीत. ज्यांना आपल्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधले रंग आवडतात, त्यांनी जुनी गोणी फेकली की ती वाट बंद. आणखीही एक जागा आहे. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धा अखेरच्या फेरीत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मागतात. तिथे दाणे तेच आहेत, हे सांगून भागत नाही. खळ्यावरची गोणी दाखवावी लागते.

एवढाच फरक आहे. मोठा म्हणावा तर मोठा, नाहीतर चिठ्ठीएवढा. तुमच्या त्या एका फोटोपुरतं स्वतःला विचारा, ती चिठ्ठी मला कधी लागणार आहे का?

*

आता श्वास सावकाश होऊ द्या, आणि बटण दाबायला हात का धजत नाही, ते बघा. तिथे बहुधा दोन भीती एकमेकींच्या मागे उभ्या असतात. त्या वेगळ्या करू.

पुढची भीती म्हणते, “उद्या ही फाइल उघडलीच नाही तर?”

ही भीती खोटी नाही. कोडॅकच्या कोडाक्रोम या फिल्मचे रंग एका खास प्रक्रियेनेच उमटत. अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या डिसेंबरअखेर ते रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कुणाच्या कपाटात रोल सापडला, तर तो कोडाक्रोमच्या रंगांत धुऊन देणारं कुणी राहिलं नाही. कोडॅकनेच १९९२ मध्ये काढलेली फोटो सीडीही अशीच, आधी कौतुकाची आणि मग अडगळीची झाली.

पण त्याच भीतीला दुसऱ्या बाजूनेही बघा. डेव्ह कॉफिन नावाच्या एका प्रोग्रामरने १९९७ मध्ये डीसीरॉ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपन्या आपापल्या गोण्यांना कुलपं लावत होत्या आणि हा माणूस वर्षानुवर्षं एकेका कुलपाची किल्ली घासत बसला होता. शेकडो कॅमेऱ्यांच्या रॉ त्याने वाचून दाखवल्या, आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज फुकट मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात त्याच किल्ल्या आहेत. नामांकित कंपन्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या रॉ आजही उघडतात, त्यात या कामाचा वाटा मोठा. तेव्हा ही भीती मनात ठेवा, पण पाटावर बसवू नका.

मागची भीती हळू बोलते. “उद्या मलाच वेगळं दिसलं तर?”

छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. निगेटिव्ह एकच. पण तिचे प्रिंट ते पुढची तीसेक वर्षं काढत राहिले, आणि वर्षं सरली तसं प्रिंटमधलं आकाश काळं होत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढगांच्या पुसट रेघा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ निखळ रात्र. चूक कोणतीच नव्हती. माणूस बदलत होता आणि निगेटिव्ह त्याची वाट पाहत थांबली होती. ॲडम्स तरुणपणी पियानो शिकलेले, म्हणून ते निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला मैफलीची उपमा देत. आपण बंदिश म्हणू. बंदिश जपली असेल, तरच पन्नाशीत ती पुन्हा वेगळी गाता येते.

यातली तुमची भीती कोणती? पहिली असेल तर तिच्यावर डीएनजी हा उतारा आहे. दुसरी असेल तर पुढे चला.

*

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

२०१३ च्या आषाढात मी वारीबरोबर दिवे घाट चढलो. रात्री सासवडच्या मुक्कामावर तंबूतंबूतून फिरलो. कंदिलाच्या उजेडात पायाला तेल चोळणाऱ्या बाया, पखवाजावर डोकं टेकून झोपलेला एक पोरगा. अंधार फार होता, म्हणून कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, चढवली होती, आणि फोटोंवर रवा सांडल्यासारखे कण आले होते. घरी आल्यावर जागेची चणचण, तेव्हा सगळ्याचं डीएनजी करायला लावलं. त्या चौकटीत एक खूण होती, फाइल आणखी लहान करण्याची. किती लहान होते ते बघून हरखलो, खूण केली, आणि झोपायच्या आधी मूळ रॉ पुसल्या. जागा मोकळी झाल्याचं समाधान मला अजून आठवतं. घर झाडून निघाल्यासारखं वाटलं होतं.

ती खूण म्हणजे गाळून लहान करण्याची पद्धत होती. तिच्यात रंगांचा अदमास आधीच बांधला जातो आणि पायऱ्याही कमी होतात. नाव डीएनजीचं, पण आतला माल अर्धा दळलेला. रवा म्हणा. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, फोटोतले ते कण काढणारी नवी साधनं हाताशी आली, मोजणीच्या कच्च्या आकड्यांवर काम करणारी. मी सासवडची ती रात्र उघडली, तर साधनाचं बटण राखाडी. या फाइलीवर चालणार नाही, एवढंच उत्तर. पखवाजावर झोपलेला तो पोरगा आजही माझ्याकडे आहे, पण तो २०१३ मध्ये मी त्याला जेवढा पाहू शकलो तेवढाच.

फोटो काही हरवला नव्हता. त्याच्याकडे परत जायची वाट मी झाडूनपुसून बंद केली होती.

आता तुमच्या मनात तुमची एखादी अशी पुसलेली रात्र आली असेल. तिला दोष न देता येऊ द्या. आणि जाऊ द्या.

*

आजीचा फोटो मात्र वाचला, आणि तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे. २००९ ची डिस्क एका खोक्यात पडून राहिली होती, तिच्यात काय आहे हेच विसरलो होतो. सासवडने हिरमुसलो म्हणून ती काढली, जोडली. दोनदा खटखटली, तिसऱ्यांदा लागली. आजीची रॉ सापडली.

आधी अंगण थोडं उतरवलं. पांढऱ्यातून तुळशीवृंदावनाची कड आली. मग आजीचा चेहरा वर आणला. सुपाकडे लागलेले डोळे, ओठ किंचित मुडपलेले, काम नीट व्हावं म्हणून मुडपतात तसे. आणि मग मी त्या दहा-वीस पायऱ्यांकडे वळलो, माजघराच्या काळ्याकडे. कण उठले, नव्या साधनाने ते बसवले, आणि काळ्यातून आधी तपकिरी, मग गोलाई वर आली. एक, दोन, तीन, चार, एकावर एक. उतरंड होती ती. चौदा वर्षं त्या फोटोत उभी होती. सगळ्यात वरच्या मडक्याच्या तोंडाशी फिकट राखाडी लिंपण, बोटांनी फिरवलेलं.

ते मडकं मला ओळखता आलं, कारण लहानपणी त्याला हात लावला म्हणून मी धपाटा खाल्ला होता. त्यात बियाणं असे. घेवड्याचं, दुध्याचं, दोडक्याचं, राखेत घोळवलेलं, आणि वरून तोंड शेणामातीने लिंपून बंद. खाली सोप्यात आजी जे पाखडत होती ते खायचं धान्य. वर अंधारात होतं ते पेरायचं.

तुमच्या फोटोतली जी काळोखी जागा मघाशी बघून ठेवली होती, तिच्याकडे आता वळा. तिथे काय असेल? तुम्हाला माहीत असेल, नसेलही. नुसतं तिच्याकडे तोंड करून बसा.

*

आजीच्या बियाण्याविषयी दोन गोष्टी मला पुढे फार दिवस पुरल्या. तुम्हीही त्या सोबत घ्या.

एक म्हणजे, सगळं धान्य बियाणं होत नसे. शेतात कणसं उभी असतानाच ती त्यातली टपोरी कणसं हेरून ठेवी. तेवढी वेगळी खुडून आढ्याला टांगली जात. बाकीचं पोत्यात जाई, खाल्लं जाई, विकलं जाई, पाहुण्यांना दिलं जाई, चिमण्यांना पडे. त्या बाकीच्याबद्दल तिला खंत नव्हती. पोतंच्या पोतं बियाणं म्हणून ठेवणाऱ्या घरात खायला काय राहणार?

दुसरी गोष्ट, बियाणं दर साल पेरलं जाई. मडक्यात ठेवलं म्हणजे राखलं, असं ती मानत नसे. तीन-चार वर्षं मडकं उघडलं नाही, तर आत किडे किंवा नुसती राख. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाण्यासाठी. त्यांच्या कामाचं मर्मही हेच, की वाण पेरता हात चालू असेपर्यंत वाण जिवंत.

हे डिस्कवर ठेवून पाहा.

रॉ जपली म्हणताना आपण बहुतेक वेळा तिला एका खोक्यात टाकलेलं असतं. माझी २००९ ची डिस्क दोनदा खटखटली, तिसऱ्यांदा लागली नसती तर? १९३१ चा ‘आलम आरा’ आपला पहिला बोलपट, मुंबईच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये गर्दीने गाजलेला. आज त्याची एकही प्रत हाती नाही, उरलीत ती स्थिरचित्रं आणि जाहिराती. उलट छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्ह बघा. एवढा नाजूक माल, तरी अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. फुटण्याजोगी काच टिकली, कारण ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने एक साधा हिशेब रूढ केला. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत नाशिकला बहिणीकडे असते. दिवाळीला जातो तेव्हा डिस्क बदलून आणतो, आणि आणलेली त्याच रात्री जोडून पाच-पंचवीस फाइली उघडून बघतो. बहीण म्हणते, “फराळाला आलायस की तपासणीला?” दोन्हीला. तीच माझी पेरणी.

*

आता पुन्हा त्या चौकटीकडे या. ती अजून तिथेच आहे.

मी काय करतो ते सांगतो. तो नियम समजू नका.

एका दिवसाचे नऊशे फोटो असतील तर त्यातले बहुतेक चिमण्यांच्या वाट्याचे. हललेले, डोळे मिटलेले, एकासारखे दुसरे. त्यांची रॉही नको आणि डीएनजीही नको. हे आधी करतो, रूपांतराच्याही आधी, कारण कोंडा गोणीत भरून मग गोणी किती याची चिंता करण्यात अर्थ नाही. उरलेल्यांत बरेचसे खायचे दाणे, लोकांना दिले, छापले, संपले. त्यांचं न गाळलेलं डीएनजी करतो, ताडून घेतो, दुसऱ्या डिस्कवर उतरलं याची खात्री करतो आणि मूळ रॉ पुसतो. पुसताना हात थरथरत नाही. दाणे तेच आहेत हे मी बघितलेलं असतं.

आणि मग टपोरी कणसं. वर्षाला शंभर, फार तर दोनशे. ज्यांच्यातल्या काळोखाकडे मला परत यावंसं वाटेल, असे. त्यांची मूळ रॉ, चिठ्ठीसकट, जशी कॅमेऱ्यातून आली तशी ठेवतो. जुन्या कॅमेऱ्याची एक रॉ दहा-पंधरा एमबीची, नव्याची पंचवीस-तीसची. दोनशे फाइलींना वर्षाला सहा जीबी लागतात. किल्ली अडकवायच्या पेनड्राइव्हवर दहा वर्षं मावतील. म्हणजे अडचण जागेची नव्हतीच. अडचण दोनशे निवडण्याची होती, आणि निवड पुढे ढकलता यावी म्हणून आपण चाळीस हजार साठवत होतो.

निवडताना चूक होईल का? होईल. चौदा वर्षांनी कोणत्या अंधारात उतरंड निघेल, ते आज कुणाला दिसणार? आजीचा तो फोटो २००९ मध्ये मी निवडला असता, याची मला खात्री नाही. ही टोचणी काढून टाकता येत नाही, काढायलाही नको. आजीच्याही एखाद्या साली हेरलेल्या कणसापेक्षा पोत्यातलं कणीस सरस निघालं असेल. तिने ते खाल्लं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या पिकात फिरली.

तुमच्या त्या एका फोटोचं नाव आठवा. फोल्डर उघडा. मूळ फाइल शोधा, जेपेग बाजूला ठेवा. ती उघडेपर्यंतचा क्षणभराचा अवकाश तसाच राहू द्या. उघडली की काळोख्या कोपऱ्यावरचा पडदा थोडा सारा. काही निघेल, काही निघणार नाही. मग हिला एक वेगळं फोल्डर करून द्या. माझ्या फोल्डरचं नाव ‘मडकं’ आहे.

उरलेल्या फाइलींसाठी चौकट उघडीच आहे. आता हात माउसवर ठेवायला हरकत नाही.